काठातले तीन निळे धागे

१

बुधवारी सकाळी अकरा वाजता रत्नानं गेस्टरूमच्या क्लोजेटमधून पांढरा पुठ्ठ्याचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि आतलं दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लिश कापड गायब होतं. त्याच्यावरचा पातळ टिश्यू पेपर तेवढा शिल्लक होता, चार घड्या घालून नीट ठेवलेला.

अकरा वाजून चार मिनिटांनी वसुधामावशींचा फोन वाजला.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात मराठी माणसाचं काही हरवलं, तर पोलिसांच्या आधी मावशींना कळवायची पद्धत होती. मावशींनी गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या वॉरंटी खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली होती. 'पार्ट आपोआप तुटला हो, मी तर हातसुद्धा लावला नव्हता,' अशी लोकांची पत्रं वाचायची आणि कोण थापा मारतंय ते ठरवायचं, हे त्यांचं काम. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. देवळातून गेलेले बूट, पॉटलकमध्ये बदललेला कुकर, महाराष्ट्र मंडळाच्या नाटकातली हरवलेली मिशी अशी सतरा प्रकरणं त्यांनी उलगडली होती, आणि खरं सांगायचं तर अठराव्याची त्या वाटच बघत होत्या.

"रडू नकोस. कशालाही हात लावू नकोस. आम्ही निघालोच," त्या म्हणाल्या.

आम्ही म्हणजे मावशी आणि दिगंबरकाका. कोट चढवताना काकांचा पाय दाराजवळच्या कापडी पिशवीला लागला.

"अहो, जपून! रत्नाची ओटी आहे ती, रविवारी भरायची. नारळ आहे आत!" मावशी ओरडल्या. रत्नाला नोकरी लागल्याबद्दल त्यांनी ती आठवणीनं काढून ठेवली होती.

काकांनी सगळी नोकरी गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेण्यात घालवली होती, त्यामुळे गाडी चालवण्यापेक्षा ती थांबवण्यावर त्यांचा भर असे. त्यात फूटभर बर्फ. दहा मिनिटांच्या रस्त्याला पंचवीस मिनिटं लागली.

रत्नाच्या गेस्टरूममध्ये शिरल्याशिरल्या काका दचकले. खिडकीशी एक बिनडोक्याची बाई उभी होती. पुतळ्याच्या अंगात पांढऱ्या मलमलचा झगा, त्यावर पांढऱ्याच दोऱ्याचं बारीक भरतकाम, आणि कंबर थेट छातीखाली चढलेली.

"हिची कंबर वर कशी गेली?" काकांनी विचारलं.

"तेव्हाची फॅशन, काका. अठराशे आठ सालची. असल्या झग्याला खिसा नसायचा, म्हणून हातात बटवा," रत्ना नाक पुसत म्हणाली. बटवाही तिनंच शिवला होता.

गावाबाहेरच्या एका जुन्या बंगल्यात लहानसं म्युझियम होतं. तिथे मे महिन्यात त्या काळातली अख्खी इंग्लिश बैठकीची खोली उभी राहणार होती, पडदे, खुर्च्या, शिवणाच्या पेटीसकट. रत्ना मुंबईला टेक्स्टाइल डिझाईन शिकलेली. नवऱ्याच्या, यतीनच्या, व्हिसावर तिला नोकरी चालत नव्हती, पण फुकट शिवलेलं चालत होतं. तीन वर्षं ती म्युझियमसाठी टोप्या, बटवे, झगे शिवत राहिली. आता वर्क परमिट आलं होतं, आणि म्युझियमच्या हॉलिसबाईंनी तिला चक्क नोकरी दिली होती.

"सोमवारी पहिला दिवस आहे, मावशी. सहा वर्षांनी पहिली नोकरी," रत्ना म्हणाली. "खुर्च्यांच्या कव्हरवर तेच डिझाईन रंगवायचं होतं, म्हणून हॉलिसबाईंनी मला ते ओरिजिनल पडद्याचं कापड घरी आणू दिलं. नियम मोडून दिलं हो त्यांनी. शनिवारी सकाळी परत द्यायचंय. नाही दिलं तर माझी नोकरी सुरू व्हायच्या आधीच संपली. त्यांचीही जाईल बहुतेक."

मावशींना ही मुलगी मनापासून आवडत असे. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग वही काढली.

"कापड कसं होतं?"

"जेमतेम एक वार. चीट, म्हणजे छापील सुती कापड. मातकट रंगावर बारीक तपकिरी फुलांची वेल. आणि काठात तीन निळे धागे. त्या काळी इंग्लंडमध्ये विणलेल्या सुती कापडाला ते घालायचा कायदाच होता. बाहेरून आलेला माल नाही, हे टॅक्सवाल्यांना कळावं म्हणून."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"आपल्याकडूनच की. ती वेलसुद्धा मूळ आपल्याच चिटावरून उचललेली."

"म्हणजे चोरीचाच माल चोरीला गेला," काका म्हणाले.

डिझाईन कागदावर उतरवून झाल्यावर रत्नानं कापड डब्यात ठेवलं होतं ते तिच्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी. पुढचे तीन आठवडे ती त्या कागदावरूनच रंगवत होती, डबा उघडायचं कारणच पडलं नाही. या तीन आठवड्यांत घरी बाहेरचं कोणी आलं असेल तर ते फक्त हळदीकुंकवालाच.

क्लोजेटच्या फळीवर त्या डब्याशेजारी साडीच्या दुकानाचा आणखी एक पांढरा डबा होता. मावशींनी तो उघडला.

"त्यात ब्लाउजपीस आहेत, ओटीचे. मोजले मी. हळदीकुंकवाच्या आधी अकरा होते, अकराच्या अकरा आहेत. चोरानं त्यांना हातही नाही लावला," रत्ना म्हणाली.

"ते कुणालाच नको असतात," मावशी म्हणाल्या. "एकीनं दिलेला दुसरीला, दुसरीनं दिलेला तिसरीला. मी मात्र आजवर एकदाही मिळालेला ब्लाउजपीस पुढे ढकललेला नाही हो."

"हळदीकुंकवाला इथे वर कोण कोण आलं होतं?" त्यांनीच पुढे विचारलं.

रत्नानं बोटं मोजली. ओटीचं सामान आणायला रुचा, कोट घ्यायला डॉक्टर कांचन, आणि पाठ टेकायला आश्लेषा, तिला सातवा महिना होता. तिघीही चांगल्या ओळखीच्या.

मावशींनी वहीत तीन नावं लिहिली आणि टिश्यू पेपर उजेडात धरून पाहिला.

"एक गोष्ट नक्की," त्या म्हणाल्या. "ज्यानं हे नेलं, त्याला ते काय आहे याचा पत्ता नव्हता. जाणता चोर नाजूक कापड कागदासकट नेतो."

२

रुचा सव्वीस वर्षांची, पुण्याची, सहाच महिन्यांपूर्वी नोव्हायला आलेली. गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करायची. संध्याकाळी मावशी तिच्या अपार्टमेंटमध्ये पोचल्या तेव्हा ती मॅगी खात होती.

"मावशी, मी आणि चोरी? काय यार!" ती म्हणाली. "मला पडद्यातलं काही कळतं तरी का? माझ्या खिडकीला अजून बेडशीट लावलंय, बघा ना."

मावशींनी पाहिलं. खरंच लावलं होतं, आणि तेही उलटं.

"वर किती वेळ होतीस?"

"पाचच मिनिटं असेन."

"वीस."

"ते... बाथरूममध्ये होते. पोट बिघडलं होतं. सकाळपासूनच. आदल्या दिवशी पिझ्झा खाल्ला होता ना, ऑलिव्हवाला, त्यामुळे."

माणूस खोटं बोलायला लागला की तपशील वाढतात, हे मावशींचं अठ्ठावीस वर्षांचं शिक्षण होतं. ऑलिव्ह ऐकल्याबरोबर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रुचा, पोट बिघडलेली मुलगी खाली येऊन 'झालं एकदाचं डिप्लॉय' म्हणत नाही."

रुचाचा चेहरा पडला. "मावशी, प्लीज रत्नाताईला सांगू नका. तिनं फोन बंद ठेवायचा म्हणून बजावलं होतं. मी ओटीचं सामान आणायला वर गेले आणि मॅनेजरचा कॉल आला. प्रॉडक्शन डाऊन, अख्खी सिस्टिम बंद. एका हातात फोन, मांडीवर लॅपटॉप, तसंच सामान उचललं आणि खाली पळाले. रत्नाताई गुळाच्या पोळ्या भाजत होती, म्हणून ताट सरळ तुमच्याच हातात दिलं. आठवतंय ना?"

आठवत होतं. रत्नानं स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं होतं, "मावशी, कांचनताई पहिल्यांदाच आल्यात आपल्याकडे, तुम्हीच भरा त्यांची ओटी." आणि मावशींनी त्या दिवशीची ती एकमेव ओटी भरली होती, चष्मा कपाळावर चढवून, गप्पा मारत. हाताला इतकी सवय होती की बघायची गरजच नव्हती.

वहीत रुचाच्या नावापुढे त्यांनी 'खोटं बोलली, पण चोर नाही' असं लिहिलं.

३

डॉक्टर कांचन या तीस वर्षांपूर्वी आलेल्या, बाळंतपणं करून थकलेल्या आणि आता घर सजवून थकत चाललेल्या बाई. गुरुवारी दुपारी त्यांनी मावशींना बैठकीत बसवलं, आणि मावशी ताठ झाल्या. समोरच्या कोचावर सहा उशा होत्या, मातकट रंगाच्या, तपकिरी फुलांच्या वेलीच्या.

"छान आहेत उशा," मावशी म्हणाल्या. "नव्या वाटतं?"

"महिना झाला. इंग्लिश कंट्री स्टाइल आहे."

चहा आणायला कांचन आत वळल्या, तशी मावशींनी एक उशी उलटी केली, चेन उघडली आणि कापडाची कड बाहेर ओढली. निळा धागा नव्हता. 'मेड इन चायना' अशी पट्टी मात्र होती.

"वसुधाताई, माझ्या उशीत काय शोधताय?"

खोटं बोलायला मावशींना जमत नसे, म्हणून त्यांनी सरळ विचारलं. कांचन भडकल्या. "मी रत्नाकडे पडदे चोरायला गेले होते? तुम्हीच माझी ओटी भरलीत, मी वर जाऊन कोट घेतला आणि निघाले."

"तिथून आणखी काही आणलंत?"

कांचनचा चेहरा लाल झाला. "तिळगूळ, वाण आणि ओटी. ओटीतलं सगळं जपून ठेवलंय मी. नारळाची बर्फी केली मंगळवारी, तांदळाची खीर केली, आणि ब्लाउजपीस शिवायला टाकलाय, इंडियात, आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे, दादरला."

बर्फी, खीर, मंगळवार, दादर. तपशील भराभर वाढत होते. बाई कशाबद्दल तरी थाप मारत होत्या, पण पडद्याबद्दल मारत नव्हत्या, आणि हे कोडं मावशींना त्या दिवशी तरी सुटलं नाही.

तिथून त्या आश्लेषाकडे गेल्या. आश्लेषा पाय वर करून सोफ्यावर पडली होती, आणि नागपूरहून बाळंतपणाला आलेली तिची आई हातात कुंकवाची कोयरी घेऊन दारातच उभी होती.

"या, या! ओटी भरते तुमची."

"अहो, गेल्या रविवारीच भरलीत की."

"मग काय झालं? रोज थोडीच येता तुम्ही?"

आश्लेषानं त्या दिवशी वर जाऊन काय केलं? झोपली. कपाट पाहिलं का? "मावशी, मला माझे पाय दिसत नाहीत, कपाट कुठून दिसणार?" तिनं उत्तर एकाच वाक्यात दिलं आणि त्यात एकही ऑलिव्ह नव्हतं. मावशींना ते खरं मानावं लागलं.

गाडीत बसताना त्यांचा उत्साह पार मावळला होता. रत्नाचा फोन आला, शनिवारी काय सांगायचं म्हणून. मावशींना पहिल्यांदाच 'सापडेल' असं ठामपणे म्हणता आलं नाही.

४

शुक्रवारी सकाळी काका पोह्यांची बशी घेऊन, कॅमेरा टीव्हीला जोडून फोटो बघत बसले होते. त्यांनी नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता, पाच मेगापिक्सेलचा, आणि फिल्म लागत नाही म्हटल्यावर त्यांना धरबंधच राहिला नव्हता. हळदीकुंकवाला पुरुषांना बेसमेंटमध्ये फुटबॉल बघायला बसवलं होतं, तरी वर येऊन येऊन त्यांनी दोनशे चौदा फोटो काढले होते. त्यातले साठ गुळाच्या पोळीचे होते.

"किती पोळ्या खाल्ल्यात?" मावशींनी विचारलं.

"चार. रत्नानं तीस केल्या होत्या, सव्वीस राहिल्या. हिशोब सोपा आहे."

मावशींचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. तीस होत्या, चार खाल्ल्या, सव्वीस राहिल्या. त्यांनी तडक रत्नाला फोन लावला.

"रत्ना, हळदीकुंकवाच्या आधी ब्लाउजपीस किती होते?"

"अकरा. म्हटलं ना."

"आणि आत्ता?"

"अकरा."

"अगं, मग त्या दिवशी आपण कांचनच्या ओटीत काय घातलं?"

पलीकडे क्लोजेटचं दार उघडल्याचा आवाज आला.

"मी रुचाला सांगितलं होतं," रत्ना हळूहळू म्हणाली, "की वरच्या क्लोजेटमध्ये पांढरा डबा आहे, त्यातलं वरचं घेऊन ये."

फळीवर पांढरे डबे दोन होते. रुचाच्या कानाला फोन होता. तिनं हाताला लागला तो डबा उघडला, कागद बाजूला केला, आत घडी केलेलं एक वारभर छापील सुती कापड दिसलं. मराठी घरात हळदीकुंकवाच्या दिवशी त्याला दुसरं काय म्हणणार? रंग मातकट, फुलं मळखाऊ, कुणी हौसेनं घेणार नाही असं. शंकेला जागाच नव्हती. संस्कारी मुलगी असल्यामुळे कागद तेवढा घडी करून ठेवला.

"अहो, ओटीचा फोटो आहे का?"

काकांनी पोह्याच्या बोटांनी बटणं दाबली. पोळी, पोळी, भजी, पोळी, आणि मग टीव्हीभर ओटीचं ताट आलं. नारळ, तांदूळ, आणि नारळाखाली मातकट चिटाची घडी. काठात एक निळी रेघ स्पष्ट दिसत होती. पुढच्याच फोटोत ती घडी कांचनच्या पदरात टाकणारा हात दिसत होता. मनगटात सोन्याच्या जाड पाटल्या होत्या, आणि त्या पाटल्या साऱ्या नोव्हायमध्ये एकाच बाईच्या हातात होत्या.

"अगं, हा तर तुझा हात!" काका म्हणाले.

५

मावशींना आपली लाज वाटली, पण लाजत बसायला वेळ नव्हता. शनिवारची सकाळ वीस तासांवर आली होती. काकांनी ब्रेकला पाय न लावता गाडी हाणली, हे त्या घरातलं एक आश्चर्यच.

कांचनच्या दारात मावशींनी बूटही काढले नाहीत. "कांचन, दादरच्या शिंप्याचं नाव काय?"

"काय?"

"ओटी भरून वीस दिवस झाले. तेवढ्यात पार्सल दादरला पोचलं? आणि तुमच्या ब्लाउजचं माप त्यानं फोनवरून घेतलं?"

कांचन दाराच्या चौकटीला टेकल्या. हजारभर बाळं जगात आणलेली ती बाई शाळेतल्या मुलीसारखी खाली बघू लागली. "वसुधाताई, तुम्ही माझ्याकडे तसं बघू नका. रंग इतका वाईट होता हो! आश्लेषाचं डोहाळजेवण आलं, घरात दुसरं काही नव्हतं, मी तो तिच्या ओटीत घातला. तुम्हाला काय वाटेल म्हणून बोलले नाही. तुम्ही तर मिळालेला ब्लाउजपीस कधी पुढे देत नाही म्हणता."

"ते असू दे," मावशी घाईनं म्हणाल्या.

म्हणजे कोडं एवढंच होतं. कांचन पडद्याबद्दल खरं बोलत होत्या आणि ब्लाउजपीसबद्दल खोटं. दोन्ही एकच वस्तू आहे, हे त्यांना कुठे माहीत होतं?

आश्लेषाकडे पुन्हा कोयरी पुढे आली. मावशींनी ती हातानं बाजूला केली, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि विचारलं, "डोहाळजेवणात कांचननं दिलेला ब्लाउजपीस कुठाय?"

आश्लेषानं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं.

"आई, सांग ना."

"आता असं आहे," आश्लेषाची आई म्हणाली, "की मी इथे पाहुणी. दुकानं कुठे, मला ठाऊक नाही. हिच्या कपाटात जो वर होता तो घेतला, तांदूळ सांडू नयेत म्हणून सगळं त्या चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत भरलं आणि दिलं."

"कुणाला?" मावशी आणि काका एकदम म्हणाले.

"अहो, तुम्हालाच!"

६

परतीच्या रस्त्यावर मावशींनी काकांकडे बघायचं टाळलं. गेल्या रविवारी आणलेली ती ओटी त्यांनी उघडली नव्हती. उघडतं कोण? पण मग ती ठेवली कुठे, हे त्यांना पुरतं आठवत होतं.

घरात शिरल्यावर त्यांनी दाराजवळची कापडी पिशवी उचलली. रत्नाची ओटी, रविवारी भरायची. आत चेनवाली प्लास्टिकची पिशवी होती, जशीच्या तशी. आश्लेषाच्या आईचे तांदूळ, आश्लेषाच्या आईचा नारळ, आणि त्याच्याखाली मातकट चिटाची घडी. मावशींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. काठात धागे होते. एक, दोन, तीन. निळे.

"तू तर तांदळासकट पुढे ढकलत होतीस!" काका म्हणाले आणि हसत हसत बुटांच्या रॅकवरच बसले. "अगं, आपण काहीच केलं नसतं ना, तरी रविवारी हे रत्नाच्याच घरी पोचलं असतं. तीन दिवस पेट्रोल जाळलं उगाच."

"रविवारी. आणि द्यायचंय शनिवारी," मावशी म्हणाल्या, पण त्यात दम नव्हता.

त्यांनी घडी उलगडली. कोपऱ्यात, काठाला लागून, बोटाच्या पेराएवढा पिवळा डाग होता. नारळाला लावलेली हळद.

काका हसायचे थांबले. "उन्हात ठेवलं की हळद उडते."

"दोनशे वर्षांच्या कापडाचा रंगही उडेल उन्हात. आणि ऊन कुठाय?" खिडकीबाहेर बर्फ पडत होतं.

"मग असं कर. डब्यात ठेवून दे गुपचूप. डाग आधीचाच असेल, कोण विचारतंय? 'आपोआप पडला' म्हणायचं."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच वाक्य वाचलं होतं आणि प्रत्येक वेळी लाल शिक्का मारला होता. एका शेतकऱ्याच्या ट्रकचा क्लेम त्यांनी या एका वाक्यावरून नाकारला होता, आणि तो माणूस फोनवर रडला होता. आता स्वतःची पाळी आल्यावर शिक्का बदलायचा?

"उद्या मी रत्नाबरोबर जाणार," त्या म्हणाल्या. "जे झालं ते माझ्या हातून झालं. फोटो पण घेऊन चला."

७

हॉलिसबाई साठीच्या, बारीक, केस पांढरेशुभ्र. त्यांनी हातमोजे घालून चीट टेबलावर पसरलं, भिंग धरलं, आणि कोपऱ्याशी थांबल्या. शेजारी उभ्या असलेल्या रत्नानं मावशींचा हात इतका घट्ट धरला की पाटल्या रुतल्या.

मावशींनी सगळं सांगितलं. त्यांचं ऑफिसचं इंग्रजी पत्रासारखं होतं, मुद्देसूद. ओटी म्हणजे काय, ती का भरतात, ब्लाउजपीस म्हणजे काय, आणि तो कुणीच का शिवत नाही. पहिला हात आपला, शेवटचंही घर आपलं. कांचन आणि आश्लेषाची नावं त्यांनी घेतली नाहीत. शेवटी त्या म्हणाल्या, "या मुलीची चूक एवढीच, की तिनं आम्हाला घरी बोलावलं. शिक्षा करायची तर मला करा. तिची नोकरी काढून घेऊ नका."

हॉलिसबाईंनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ही भेट कुणीच उघडत नाही? तशीच पुढे जाते? आणि सगळ्यांना माहीत असतं?"

"सगळ्यांना," मावशी म्हणाल्या.

"आमच्या चर्चमध्ये एक मेणबत्ती आहे," हॉलिसबाई म्हणाल्या. "व्हॅनिलाच्या वासाची. १९९१ मध्ये मी विकत घेतली होती. गेल्या नाताळात ती मला परत मिळाली. माझ्याच रिबिनीत."

आधी काका हसले. मग हॉलिसबाईंचे खांदे हलू लागले, आणि त्यांनी हातमोज्यानंच डोळे पुसले. मावशींना मात्र हसू येईना. त्या रत्नाकडे बघत होत्या.

हॉलिसबाई सावरल्या. "हे कापड मी या इमारतीबाहेर जाऊ द्यायला नको होतं. ते मी बोर्डाला लिहीन, माझी चूक म्हणून. यापुढे एक टाचणीही घरी जाणार नाही. आणि डागाची नोंद करावी लागेल." त्यांनी ड्रॉवरमधून एक कार्ड काढलं आणि रत्नापुढे सरकवलं. "ते काम आता तुझ्या खात्याचं आहे. सोमवारपर्यंत थांबू नकोस."

रत्नानं पेन घेतलं. अक्षर सुरेख आलं. तिनं इंग्रजीत लिहिलं: छापील चीट, इंग्लंड, सुमारे १८०८. काठात तीन निळे धागे. डाव्या कोपऱ्यात हळदीचा डाग, नोव्हाय, मिशिगन, जानेवारी २००५. डाग काढू नये.

रविवारी मावशींनी रत्नाची ओटी भरली. त्यासाठी त्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या कँटन गावातल्या साडीच्या दुकानात गेल्या होत्या आणि मोतिया रंगाचा, रेशमी, कोरा करकरीत ब्लाउजपीस आणला होता. भरायच्या आधी त्यांनी एक काम गुपचूप केलं. सुई घेतली आणि त्याच्या काठावर निळ्या दोऱ्याच्या तीन बारीक ओळी घातल्या, साध्या धावदोऱ्याच्या.

"हे कशाला?" काकांनी विचारलं.

"ओळख पटायला. बघू या किती दिवसांत कुणाच्या हातून परत येतो."

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. मावशींच्या सहा ओट्या भरल्या गेल्या, आणि प्रत्येक वेळी त्यांनी घरी येऊन चष्मा लावून काठ तपासले. निळे धागे नव्हते. आश्लेषाच्या बाळाचं बारसं झालं, कांचनकडे पूजा झाली, तिथेही नव्हते. मावशी अस्वस्थ झाल्या. एवढा फिरतो कुठे हा?

मे महिन्यात म्युझियममधली खोली उघडली. पडदे, शिवणाची पेटी, भिंतीशी पांढरा झगा घातलेली ती बिनडोक्याची बाई. खुर्च्यांवर रत्नानं रंगवलेली वेल होती, आणि मूळ चीट काचेखाली, डागासकट. पाहुण्यांना ती सगळं समजावून सांगत होती, अंगात पांढरी मलमलची साडी, गळ्यात म्युझियमचं नावाचं कार्ड.

मावशी जवळ गेल्या, आणि थबकल्या. साडीवर मोतिया रेशमाचा ब्लाउज होता. बाहीची कड मुद्दाम काठावर बेतलेली होती, आणि तिथे निळ्या दोऱ्याच्या तीन ओळी तशाच ठेवलेल्या होत्या, जरा वाकड्या.

"अगं," मावशींनी बाहीची कड चिमटीत धरली, "तू शिवलास?"

"मग?" रत्ना हसून म्हणाली. "ब्लाउजपीस शिवायलाच देतात ना, मावशी?"